वीस लाखांची काटकसर

परभणीच्या माणसाला पेट्रोलच्या दराविषयी कोणी नवे काही सांगावे असे आता उरलेले नाही. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील आगारातून निघालेले टँकर सुमारे तीनशे किलोमीटरांची मजल मारून येथवर पोहोचतात आणि त्या वाहतुकीचा बोजा पंपावरच्या दरफलकावर उमटतो. त्यामुळे २०१८ च्या सप्टेंबरात नव्वदीचा आणि २०२१ च्या मे महिन्यात शंभरीचा उंबरठा ओलांडणाऱ्या गावांच्या यादीत परभणीचे नाव अग्रभागी राहिले, आणि ज्या जिल्ह्याची दखल मुंबईची वृत्तपत्रे दुष्काळ, अतिवृष्टी व निवडणूक यांखेरीज क्वचितच घेतात, त्याची कीर्ती केवळ एका आकड्यामुळे दूरवर पसरली. अशा जिल्ह्यात, लिटरमागे सत्तावीस किलोमीटर धावण्याचा दावा करणारी एक ऐसपैस, शांत, डौलदार सेडान बाजारात उभी आहे असे कळल्यावर, ही गाडी खास आपल्यासाठीच घडवली आहे असा ग्रह येथील सुस्थित मध्यमवर्गाने करून घेतला, तर त्यात आश्चर्य ते काय? सेवानिवृत्तीची रक्कम हाती आलेले कृषी विद्यापीठातले प्राध्यापक, वसमत रस्त्यावर दवाखाना असलेले डॉक्टर, मोंढ्यातले अडते, जालना-नांदेड द्रुतगती मार्गात जमीन गेल्याचा मोबदला मिळालेले किंवा मिळण्याच्या आशेवर असलेले शेतकरी, अशा अनेकांच्या तोंडून हा ग्रह अलीकडे इतक्या वेळा ऐकू आला की, त्याची एकदा कागदावर रुजवात घालून पाहणे मला अगत्याचे वाटले. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. गाडी उत्तम आहे; मात्र परभणी जिल्ह्यात तिला काटकसरीचे साधन समजून घेणाऱ्याची निराशा होईल, आणि चैन म्हणून, उघड्या डोळ्यांनी घेणाऱ्याची बहुधा होणार नाही.

मध्यम आकाराची सेडान ही जातच आपल्या बाजारात विरळ होत चालली आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. होंडा सिटी १९९८ च्या आरंभी भारतात आली, तेव्हा ती दारात उभी असणे हे संपन्नतेचे निर्विवाद प्रमाणपत्र मानले जाई. आज ते प्रमाणपत्र उंच बांध्याच्या एसयूव्हीने हिरावून घेतले आहे. मारुतीची सियाझ २०२५ साली बंद झाली. सिटी आणि ह्युंदाईची व्हर्ना या दोघींनी २०२३ मध्ये डिझेल इंजिनाला निरोप दिला, आणि मराठवाड्यातल्या ज्या ग्राहकाने आयुष्यभर ‘डिझेल स्वस्त, ॲव्हरेज जास्त’ या एकाच सूत्रावर गाड्या पारखल्या, त्याच्यापुढे सेडानमध्ये केवळ पेट्रोलची निवड उरली. ही रिकामी झालेली जागा भरून काढण्याचा मान सिटीच्या ई-एचईव्ही या संकरित (हायब्रिड) प्रकाराकडे येतो. मे २०२२ मध्ये तो विक्रीस आला आणि राजस्थानातील टपुकडा येथील कारखान्यात त्याची जुळणी होते. टोयोटाची कॅमरी आहे, परंतु ती अर्ध्या कोटीच्या आसपासची, म्हणजे आपल्या विचाराच्या कक्षेबाहेरची. ग्रँड विटारा आणि हायरायडर या संकरित आहेत, पण त्या सेडान नव्हेत. तेव्हा मध्यम संकरित सेडान घ्यावयाची म्हटले की व्यवहारतः एकाच गाडीपाशी येऊन थांबावे लागते, आणि अनेकींतून एक निवडण्याच्या प्रश्नाऐवजी घ्यावी की न घ्यावी हाच प्रश्न शिल्लक राहतो.

संकरित मोटारीच्या कल्पनेचा इतिहास आपल्याकडे फारसा उत्साहवर्धक नाही. टोयोटाने प्रियस ही संकरित मोटार जपानात १९९७ च्या डिसेंबरात विकावयास काढली; होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रिड भारतात आणली ती साडेएकवीस लाखांना, आणि गिऱ्हाईक फिरकेना तेव्हा त्याच वर्षी तिची किंमत एकदम आठ लाखांनी उतरवली. आठ लाख उतरवूनही ती रुजली नाही. भारतीय ग्राहक तंत्राला भुलत नाही, हिशेबाला मात्र मान देतो, असा त्याचा अर्थ त्या काळी लावण्यात आला. मला तो अर्थ अर्धाच खरा वाटतो. कारण आपला ग्राहक हिशेब मांडतो हे जितके खरे, तितकेच मनात आधी ठरलेले उत्तर येईपर्यंत तो मांडत राहतो हेही खरे आहे.

गाडी पाहावयास गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘चार्जिंग कुठं करायची?’ कुठेच नाही, हे त्याचे उत्तर. या गाडीला तारेने वीज द्यावी लागत नाही आणि देताही येत नाही; महावितरणचे भारनियमन चालू असो की रोहित्र जळून गाव चार दिवस अंधारात असो, तिला त्याचे सोयरसुतक नाही. तिच्यातल्या बॅटरीत घरगुती मीटरच्या एका युनिटपेक्षाही कमी वीज मावते. एवढ्याशा साठ्याने काय साधते, तर इंजिनाची उधळपट्टी थांबते. पेट्रोलचे इंजिन थांबून घरघरताना, मुंगीच्या पावलाने सरकताना आणि पुनःपुन्हा वेग घेताना सर्वाधिक इंधन वाया घालवते. तेवढ्या वेळी हे इंजिन स्वस्थ बसते आणि विद्युत-मोटर चाके फिरवते. ब्रेक दाबला असता जी गती एरवी उष्णता होऊन हवेत विरली असती, तिच्यातला काही भाग वीज होऊन बॅटरीत परत येतो. मध्यम वेगाला इंजिन मुख्यतः जनित्र चालवते आणि चाके मोटरवरच फिरतात. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत गाडी धावू लागली की एक क्लच जुळतो, इंजिन थेट चाकांना जोडले जाते, आणि त्या अवस्थेत ही महागडी गाडी बऱ्याच अंशी एक साधी, नेमस्त पेट्रोल गाडी बनते. हे शेवटचे वाक्य परभणीकराने विशेष लक्षात ठेवावे. पुढचा बहुतेक युक्तिवाद त्यावर उभा आहे.

आता जमाखर्च. संकरित सिटीची कंपनीची किंमत वीस लाखांच्या आसपास आहे आणि त्याच गाडीचा सर्वांत वरच्या दर्जाचा स्वयंचलित पेट्रोल प्रकार सोळा ते साडेसोळा लाखांत येतो. अंतर साडेतीन लाखांचेच धरू, म्हणजे नव्या तंत्रावर अन्याय होणार नाही. या अंतरावर राज्याचा एकरकमी वाहनकर चढतो, जो दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल मोटारीला बारा टक्के आहे. शिवाय विम्याचा हप्ता वाढतो. जास्तीची गुंतवणूक चार लाखांची झाली असे समजावे. मोबदल्यात काय मिळते? दाव्याप्रमाणे पेट्रोल सिटी लिटरमागे १८.४ आणि संकरित सिटी २७.१३ किलोमीटर धावते. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला पहिलीसाठी ८१५ आणि दुसरीसाठी ५५३ लिटर पेट्रोल लागेल. वाचले २६२ लिटर. लिटरला १०६ रुपये धरले तर सुमारे २७,८०० रुपये झाले, आणि चार लाख वसूल होण्यास चौदा वर्षे लागली.

पण एवढ्यावर भागत नाही. तेच चार लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत मुदत ठेवीत ठेवले, तर वर्षाला २६,००० रुपये व्याज येते आणि मुद्दल जिथल्या तिथे शाबूत राहते. म्हणजे गाडीने वर्षभर झिजून वाचवलेल्या पैशांतून ठेवीने बसल्या जागी मिळवून दिलेले व्याज वजा घातले असता निव्वळ नफा उरतो १,८०० रुपये, महिन्याकाठी दीडशे; आणि त्यातही व्याजाची रक्कम आपल्या हातात असते, तर गाडीची किंमत दरसाल घटत असते. दाव्याचे आकडे बाजूला ठेवून, प्रत्यक्ष रस्त्यावर पेट्रोल गाडी पंधरा आणि संकरित गाडी बावीस देईल असे उदार मनाने गृहीत धरले, तरी बचत ३३,७०० पर्यंत जाते आणि वसुलीची मुदत बारा वर्षांच्या घरात येते. ज्याला शेतसाऱ्याची पावती आणि सोसायटीच्या कर्जाचा उतारा वाचता येतो, त्याला या हिशेबासाठी कोणा तज्ज्ञाची गरज पडू नये.

राहिला परभणीच्या महाग पेट्रोलचा मुद्दा, ज्याच्या बळावर हा सारा डोलारा उभारला जातो. मुंबईहून परभणीत पेट्रोल लिटरमागे तीनेक रुपयांनी महाग असते असे धरू. वाचणाऱ्या २६२ लिटरांना तीन रुपयांनी गुणले असता उत्तर येते ७८६. आपल्या जिल्ह्याच्या त्या सुप्रसिद्ध दरामुळे संकरित गाडीच्या बाजूने वर्षाला आठशेसुद्धा रुपयांची भर पडत नाही! पेट्रोल शंभरावर गेले तेव्हा आपल्या मनाला जो चटका बसला, तो खराच होता. परंतु चटक्याची तीव्रता आणि हिशेबातले त्याचे वजन या दोन गोष्टी अगदी निराळ्या निघाल्या.

आणि ज्या प्रमाणित आकड्यांवर हे गणित केले, ते आकडे कोठल्या रस्त्यावरचे? पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेच्या नावाने लोक ज्या कसोटीला ओळखतात, ती रस्त्यावर होतच नाही. प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, ठरावीक क्रमाने वेग वाढवत-घटवत ती होते, तिच्यातला वेग ताशी नव्वद किलोमीटरांच्या वर जात नाही, आणि तिचा बराचसा काळ शहरी वाहतुकीची नक्कल करण्यात, म्हणजे थांबणे, सरकणे व पुन्हा थांबणे यांत जातो. संकरित गाडीला हवे असते नेमके तेच. परभणीचा माणूस मात्र असा चालवत नाही. शिवाजी चौक ते गांधी पार्क या टापूत सणासुदीला काय कोंडी होते ती होते. एरवी येथे मोटार काढली जाते ती गावाबाहेर जाण्यासाठी: जिंतूरला, गंगाखेडला, सेलूला, मानवत-पाथरीवरून पुढे माजलगावकडे, पूर्णेला, वसमतवरून नांदेडला, आणि पोराबाळांना भेटण्यासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला. हा सगळा प्रवास ऐंशी-नव्वदच्या एकसुरी वेगाचा. समृद्धी महामार्गावर जालन्याहून चढले तर एकशेवीसपर्यंतची मुभा आहे, आणि त्या वेगाला हवेचा अवरोध कापण्यात जे इंधन जळते, ते परत मिळवून देणारे यंत्र अद्याप कोणी शोधलेले नाही. ब्रेक लागत नाही तेथे परत मिळवण्याजोगे काही नसते. गाडीचे खरे कौतुक व्हावयाचे असेल तर ती हिंजवडीच्या सायंकाळच्या रांगेत नेऊन उभी केली पाहिजे. म्हणजे विनोद असा की, पेट्रोल महाग म्हणून बापाने परभणीत घेतलेली गाडी, पेट्रोल स्वस्त असलेल्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने वापरली तर अधिक वाचवील.

रस्त्यांविषयी लिहावे तेवढे थोडे. काळ्या कापसाच्या जमिनीवर बांधलेला रस्ता पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. त्यामुळे डांबर कितीही ताजे असले तरी दोन-तीन वर्षांत त्याला लाटा येतात, हे येथील अभियंत्यांना ठाऊक आहे आणि गंगाखेड व जिंतूर रस्त्यांवर पाठीचे मणके झिजवलेल्या जनतेला तर फारच ठाऊक आहे. सेडानचे पोट मुळातच जमिनीला जवळ. ग्रामपंचायतीने हौसेने घातलेला, कोणत्याही मापात न बसणारा गतिरोधक आला की पाच माणसे बसलेली गाडी तिरकी घालून, श्वास रोखून, एकेक चाक वर चढवावे लागते. गाडीत चालकाच्या साहाय्यासाठी एक कॅमेरा दिलेला असून पुढील वाहनाशी टक्कर टाळणे, मार्गिका न सोडणे अशी कामे तो करतो. सोय मोलाची आहे, तिची थट्टा मी करणार नाही. परंतु मार्गिका न सोडण्यासाठी आधी रस्त्यावर रेघा असाव्या लागतात, आणि गाळपाच्या हंगामात रात्रीच्या वेळी मागचा दिवा नसलेली, दोन ट्रॉल्यांवर ऊस लादलेली ट्रॅक्टरगाडी समोर आली असता विसंबावे ते स्वतःच्या डोळ्यांवरच.

मग सामानाची जागा. बहुतेक गिऱ्हाइके ती अगदी शेवटी पाहतात. वास्तविक ती प्रथम पाहावी. पेट्रोल सिटीच्या डिकीत ५०६ लिटर जागा आहे, संकरित सिटीत ३०६. झाकण उघडले की बॅटरीच्या पेटीने वर उचललेली जमीन समोर येते, आणि जिथे हात कोपरापर्यंत जावा तिथे तो मनगटापाशीच अडतो. कागदावर दोनशे लिटरांचा फरक किरकोळ वाटेल, परंतु आपल्या जिल्ह्यात मोटार ही माणसांइतकीच धान्याचीही वाहक असते. गावाकडून निघताना ज्वारीचे एक पोते, तुरीच्या डाळीचा डबा, आंब्याच्या दिवसांत पाट्या, लग्नसराईत आहेराच्या पिशव्या आणि वर पाहुण्यांची एक ट्रंक, एवढे सामान ज्या घराला नेहमीचे आहे, त्याने एकदा दालनात उभे राहून मनातल्या मनात हे सारे त्या डिकीत रचून पाहावे. संकरित ज्वारीचा अनुभव येथील शेतकऱ्याला आहे: १९६४ साली सीएसएच-१ हा वाण आला, कणसे भरली, पोत्यांची संख्या वाढली, पण धाटे आखूड झाली, कडबा घटला, आणि पावसात सापडलेला खरिपाचा दाणा काळा पडू लागला. ज्याच्या गोठ्यात जनावरे होती, त्याने केवळ दाण्यांचा उतारा न पाहता सबंध ताटाचा विचार केला. गाडीचाही तसाच करावा.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावयास हवा, कारण परभणीचा मे महिना ही यंत्रांची सत्त्वपरीक्षाच असते. पारा पंचेचाळिसाकडे झुकलेला, गाडी उन्हात तापलेली, आत म्हातारे आई-वडील बसलेले, अशा वेळी वातानुकूलन पूर्ण जोरात चालवावे लागते. या गाडीत ते विजेवर चालते, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो ही मोठी सुखाची गोष्ट. पण बॅटरी इवलीशी असल्याने ती लवकर रिती होते आणि इंजिनाला पुनःपुन्हा उठावे लागते. पुष्कळ संकरित गाड्यांत मागच्या आसनाजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी असते. कापसाच्या हंगामात मानवत-सेलूकडच्या हवेत जे तंतू आणि जी धूळ उडते, ती ध्यानी घेऊन अशी जाळी कोठे आहे आणि ती कोण, कधी, किती पैशांत साफ करणार, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. चौकातल्या मिस्त्रीकडून ही कामे होणार नाहीत. नारिंगी आवरणाच्या तारांतून जो विद्युद्दाब वाहतो तो जिवावर बेतणारा असतो, आणि त्या तारांना प्रशिक्षण नसलेल्या हाताने स्पर्श करू नये हा नियम सगळीकडे सारखाच आहे. तेव्हा अधिकृत कार्यशाळा किती अंतरावर आहे, तेथे संकरित यंत्रणेचे काम शिकलेला माणूस कायम असतो की महिन्यातून एकदा येतो, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर उचलून नेण्याची तजवीज कोण करील, या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत.

बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तेथपर्यंत आहे. विक्रेता ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि ती अभिमानास्पदही आहे. आता ती वरच्या जमाखर्चाशेजारी ठेवून पाहा. पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याची गुंतवणूक फिटते बारा ते चौदा वर्षांनी, आणि हमी संपते आठव्या वर्षी. वर्षाला तीस हजार फिरणाऱ्याची गुंतवणूक सहा-सात वर्षांत फिटते खरी. पण त्याचे एक लाख साठ हजार किलोमीटर पाच वर्षे चार महिन्यांतच भरतात. कोणत्याही बाजूने मोजा, नफ्याचा पहिला रुपया हाती येण्यापूर्वी हमीचा कागद निकामी झालेला असतो. बॅटरी त्यानंतर लगेच बिघडेल असे मी म्हणत नाही. या बॅटऱ्या दीर्घायुषी असतात असा जगभरचा अनुभव आहे. परंतु जोखीम कोणाच्या माथी आहे, हे मात्र त्या कागदाने स्पष्ट केले आहे.

इतके सगळे विरुद्ध लिहून झाल्यावर, ज्या गुणांसाठी ही गाडी घ्यावी ते सांगणे न्यायाचे होईल. पहाटे, घरातले कोणी जागे न होता, ती फाटकाबाहेर सरकते. इंजिनाचा हुंकारही उमटत नाही. वेग घेताना दात्यांची अदलाबदल जाणवत नाही, धक्का बसत नाही, चढावर कुरकुर नाही. मोटरची ओढ पायाच्या दाबाला तत्क्षणी उत्तर देते, आणि एकेरी रस्त्यावर कडब्याने भरलेल्या टेम्पोला ओलांडताना ही तत्परता केवळ सुखाचीच नव्हे, सुरक्षिततेचीही ठरते. मागे बसणाऱ्याला पाय लांबवता येतील एवढी ऐसपैस जागा आहे. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेल्या वृद्धाला उंच एसयूव्हीत चढण्यापेक्षा सेडानमध्ये शिरणे सोपे जाते. या गुणांचे मोल चार लाख आहे असे ज्याला वाटते आणि ते देण्याची ज्याची ऐपत आहे, त्याने ते खुशाल द्यावेत. माझा आक्षेप चैनीला नाही. चैनीला बचतीचे सोंग देण्याच्या आपल्या मध्यमवर्गीय सवयीला आहे. सोने घेताना आपण गुंतवणूक म्हणतो, मोठे घर बांधताना मुलांची सोय म्हणतो, आणि आता वीस लाखांची मोटार घेताना पेट्रोल वाचेल म्हणतो. हौस म्हणून घेतली एवढे चारचौघांत कबूल करण्याची लाज का वाटावी?

अशा गाड्यांवरील कराबाबत सरकारचा शिरस्ता मात्र खरोखर चमत्कारिक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची जी फेररचना झाली, तिच्यानुसार विजेवर चालणाऱ्या मोटारीला पाच टक्के, चार मीटरांच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला अठरा, आणि या मापांबाहेरच्या साऱ्या पेट्रोल गाड्यांना, मग त्या संकरित असोत की नसोत, सरसकट चाळीस टक्के कर लागतो. पूर्वी उपकरासह संकरित सेडानला ४३ आणि तेवढ्याच पेट्रोल सेडानला ४५ टक्के पडत. दोन टक्क्यांची का होईना, जी खूण होती ती आता पुसली गेली. वीस लाखांच्या गाडीत पाच लाख सत्तर हजारांहून अधिक रक्कम ही या एका कराची आहे. वर राज्याचे बारा टक्के. उत्तर प्रदेशाने २०२४ च्या जुलैत अशा गाड्यांचा नोंदणीकर माफ केला, तेव्हापासून आपल्याकडेही तशी माफी मिळावी अशी इच्छा वाहनखरेदीच्या गप्पांतून ऐकू येते. समान अंतराला एक तृतीयांश पेट्रोल कमी पिणाऱ्या गाडीला जास्त पिणारीच्याच पंक्तीला बसवणे तर्काला धरून नाही, एवढे मला मान्य आहे. तरीही सवलतीची मागणी करावयास माझी लेखणी धजत नाही. हा मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या राज्यात १९३२ साली सरकारी मोटारवाहतूक सुरू झाली होती. आज त्याच भागातली शाळकरी मुलगी पालम किंवा सोनपेठच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत उभी असते, आणि तिच्या बसवर खर्च होऊ शकणारा महसूल वीस लाखांची गाडी घेणाऱ्या माझ्यासारख्यांना परत करा असे म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही. कर उचित आहे की नाही हा वाद अर्थशास्त्र्यांनी चालवावा. ग्राहकाने तूर्त तो किमतीचाच भाग समजावा.

कोणाला ही गाडी साजेल याविषयी विचाराल तर माझे उत्तर आखूड आहे. ज्याचा मुक्काम परभणीत पण कामकाज अर्धे पुण्यात किंवा संभाजीनगरात आहे, ज्याचे वार्षिक फिरणे पस्तीस-चाळीस हजारांच्या पुढे आहे, ज्याच्या घरी सामानासाठी दुसरे एखादे वाहन आहे, त्याने हिचा गंभीरपणे विचार करावा. ज्याचे फिरणे दहा-पंधरा हजारांत संपते त्याने पेट्रोल प्रकार घ्यावा, आणि हाताने गिअर बदलण्याचा कंटाळा नसेल तर त्यातलाही स्वस्तातला घ्यावा. वाचलेल्या रकमेत पुढच्या बारा वर्षांच्या पेट्रोलची मोठी बेगमी होईल. ज्याची जुनी डिझेल गाडी अजून धडधाकट आहे, त्याने घाई करू नये. चार मीटरांच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल-संकरित गाडीलाही आता अठराच टक्के कर आहे. तशा गाड्या येथे विकावयास येऊ लागल्या तर हा सारा जमाखर्च नव्याने मांडावा लागेल, आणि तेव्हा कदाचित त्याची बेरीज निराळी येईल.

मात्र निर्णय काहीही होवो, नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी एक गोष्ट हटकून करावी. दालन नांदेडला असो वा आणखी कोठे, चाचणीसाठी मिळणारी गाडी विक्रेता साधारणतः एका गुळगुळीत चौकातून दुसऱ्या चौकापर्यंत नेतो आणि वळवून आणतो; विजेवर सरकण्याचे सगळे कौतुक तेवढ्या अंतरात उरकते. तेवढ्यावर समाधान मानू नये. घरची पाचही माणसे सोबत न्यावीत, दुपारी दोनची वेळ मागून घ्यावी, वातानुकूलन शेवटच्या टोकाला ठेवावे, अंतरमापक शून्यावर आणावा आणि गाडी सरळ महामार्गाला लावून वीस-पंचवीस किलोमीटर, एखादे खेडे व त्याचा गतिरोधक ओलांडून, न्यावी आणि आणावी. परतल्यावर पडद्यावर जो आकडा दिसेल तो लिहून घ्यावा, आणि वरच्या हिशेबात माझ्या बावीसच्या जागी तो घालावा. विक्रेता एवढ्या लांबच्या चाचणीसाठी खळखळ करील, साहेबांना विचारावे लागेल म्हणेल, पेट्रोलचे कारण पुढे करील. त्या पेट्रोलचे पैसे आपण द्यावेत.